एक वाचक पुरतो, लाख अपुरे पडतात

८३,४५३. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या एवढी होती. आता दुसरा आकडा घ्या: ४,०००. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळवायचा तर बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ एवढे तास पाहिलेले असावे लागतात, शिवाय १,००० सदस्य हवेत. जानेवारी २०१८ पासूनची ही अट. चार हजार तासांची मिनिटं होतात २,४०,०००. एकेकाने सरासरी तीन मिनिटं पाहिलं, तर तुमचे व्हिडिओ ८०,००० वेळा पाहिले जायला हवेत. म्हणजे अख्ख्या मोखाड्याने, पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत, वर्षातून एकदा तीन मिनिटं तुमच्यासाठी काढायला हवीत. एवढं करून पैसे मिळत नाहीत; पैसे मागायला रांगेत उभं राहता येतं. छोट्या व्हिडिओंची वाट वेगळी आहे: ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. पालघर जिल्ह्याची सगळी लोकसंख्या २९,९०,११६. तीन वेळा मोजली तरी भरत नाही.

तिथून बोईसरला या. एमआयडीसीतल्या एका लहानशा रसायन कारखान्याने, समजा, आपल्या संकेतस्थळावर एक लेख टाकला: अमुक पावडर पावसाळ्यात साठवताना ओलावा कसा टाळावा. वर्षभरात तो २०० जणांनी वाचला. त्यातल्या एका पार्टीची इन्क्वायरी आली, नमुना गेला, आणि २०० किलोच्या एका ड्रमची ऑर्डर मिळाली. किलोला ३०० रुपये धरले तर ६०,००० रुपये. हीच रक्कम जाहिरातींतून मिळवायची आणि हजार वाचनांमागे ४० रुपये पडतात असं धरलं, तर १५ लाख वाचनं लागतील. जिल्ह्यातला प्रत्येक दुसरा माणूस. ड्रममधल्या ६०,००० तून कच्चा माल, वीज, मजुरी वजा जायची हे खरं. दोन्ही दर माझ्या मनाचे, तेही खरं. हवे तसे बदलून पाहा. दरी थोडी अरुंद होते, बुजत नाही.

ब्लॉग वाढले, ब्लॉग वाढले, असं गेली वीस वर्षं आपण ऐकतो आहोत. ही वाढ कशी मोजायची यावरच खरं तर भांडण व्हायला हवं होतं. टेक्नोरॅटी नावाची कंपनी जगभरच्या ब्लॉगांची गणती करायची. मार्च २००५ मध्ये तिने ७८ लाख ब्लॉग मोजले, एप्रिल २००६ मध्ये ३ कोटी ५३ लाख, एप्रिल २००७ मध्ये ७ कोटी. आलेख असा चढत असेल तर कोणीही टाळ्या वाजवील. पण त्याच कंपनीचे बाकीचे आकडे कमी लोकांनी वाचले. २००६ च्या त्या साडेतीन कोटींपैकी सुरू केल्यावर तीन महिन्यांनीही ज्यावर कोणी लिहीत होतं, असे ५५ टक्केच. आणि २००८ मध्ये मोजलेल्या १३ कोटी ३० लाख ब्लॉगांपैकी मागच्या १२० दिवसांत ज्यावर काही नवं आलं, असे फक्त ७४ लाख. साडेपाच टक्के. उरलेले साडेचौऱ्याण्णव टक्के म्हणजे पाटी लावलेली, कुलूप घातलेली दुकानं. बाजार किती मोठा हे पाट्या मोजून ठरत नाही, पण पाट्या मोजणं सोपं असतं.

याच टेक्नोरॅटीने २००६ च्या अखेरच्या आकड्यांवरून भाषांचीही गणती मांडली. पहिला नंबर इंग्रजीचा नव्हता. जपानी ३७ टक्के, इंग्रजी ३६. जपानी बोलणारे सुमारे पावणेतेरा कोटी. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख. मराठीचा त्या वरच्या यादीत मागमूस नाही. जपान्यांच्या खिशातल्या फोनवर जपानी लिहिता येत होतं. आपल्याकडे घरच्या संगणकावर मराठी उमटवायची म्हणजे दिव्य होतं. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये होती, पण २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीतही ती नीट दिसायला मूळ सीडी शोधून वेगळा भाग चढवावा लागे. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉण्ट वेगळा; एकातला मजकूर दुसऱ्यात टाकला की चिनी दिसायचा. बरहा आणि गमभन यांसारख्या साधनांनी रोमन कळफलकावरून मराठी लिहिणं शक्य केलं. मायबोलीसारखं स्थळ १९९६ पासून टिकलं ते परदेशातल्या आणि पुण्या-मुंबईतल्या हौशी माणसांच्या चिकाटीवर. त्या काळात ज्याच्या घरी संगणक, फोनची लाइन आणि रात्रीचा मोकळा वेळ हे तिन्ही होतं, तोच मराठी ब्लॉगर. पालघर-बोईसरचा शिफ्टवाला किंवा पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठणारा पासधारक यात बसणं अवघडच होतं.

मग २०१४ आलं. १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. त्याच महिन्यात, २७ तारखेला, .भारत हे देवनागरी पत्ते सुरू झाले, म्हणजे संकेतस्थळाचं नावही मराठीत ठेवता येऊ लागलं. आठ तालुक्यांच्या नव्या जिल्ह्याला आपली पाटी आपल्या लिपीत रंगवायची यापेक्षा चांगली वेळ कुठली? तसं घडलं नाही. त्या वर्षीच्या भावाकडे पाहिलं की कारण कळतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये मोबाइलवरच्या एक जीबी डेटासाठी सरासरी २६८ रुपये ९७ पैसे पडत. २०१८ मध्ये ११ रुपये ७८ पैसे. तीन मिनिटांचा व्हिडिओ २५ एमबीचा धरला, तर २०१४ मध्ये तो पाहायला साडेसहा रुपये लागत. बोईसरच्या टपरीवर तेवढ्यात वडापाव नाही तरी चहा होता. चार वर्षांनी तोच व्हिडिओ २९ पैशांना पडू लागला. मार्च २०१४ मध्ये देशातला एक ग्राहक महिन्याला सरासरी ६२ एमबी वापरत होता. २०२४ मध्ये २० जीबीच्या आसपास.

याच २०१८ मध्ये गूगलच्या अॅडसेन्सने मराठीला मान्यता दिली. हिंदीला ती डिसेंबर २०१४ मध्येच मिळाली होती. म्हणजे मराठी लेखाशेजारी रीतसर जाहिरात लावून चार पैसे मिळवायची सोय झाली ती नेमकी वाचणाऱ्याला पाहणं जवळजवळ फुकट झालं त्या वर्षी. पोळी तव्यावर पडली आणि पंगत उठली. अॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर ८५ रुपयांचा आणि हजार वाचनांमागे तेच ४० रुपये धरले, तर पहिल्या धनादेशासाठी दोन लाखांहून अधिक वाचनं. जव्हार आणि मोखाडा मिळून लोकसंख्या २,२३,६४०.

यात रडण्यासारखं फार काही आहे असं मला वाटत नाही. जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या घरात. बोलीही अनेक: वारली, कातकरी, मल्हार कोळी, किनाऱ्यावर मांगेली, वाडवळी, वसईत सामवेदी. इथल्या कित्येक बोलींना ठरलेलं लेखन नाही. त्या बोलीत ब्लॉग लिहायचा तर आधी ऱ्हस्व-दीर्घावरून वाद, मग शाळेतल्या मराठीपुढे लाज. बोलायला असला कुठलाही पास लागत नाही. तारपा कागदावर वाजवता येत नाही, फोनवर वाजतो. भाताची लावणी, बोंबील वाळत घालणं, लग्नात गाणारी धवळेरी हे सगळं चित्रणात शुद्धलेखन न तपासता जातं. लिखित ब्लॉगची लाट इथे उशिरा आली आणि लवकर ओसरली, याचा हा दुसरा अर्थ.

मात्र ‘पालघरचे’ म्हणून जे व्हिडिओ आणि लेख जमा होतात ते कुठले, हे विचारायला हवं. जिल्ह्याच्या लोकसंख्येत एकट्या वसई तालुक्याचा वाटा १३,४३,४०२, म्हणजे ४५ टक्के. पालघर तालुका ५,५०,१६६. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे सहा तालुके मिळून जेमतेम ११ लाख. त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा वसई-विरारच्या चौथ्या मजल्यावरून बोलत असतो. या आकड्यांनाही आता दीड दशक होईल, आणि बोईसरच्या नव्या इमारती पाहिल्या की ते फार जुने वाटतात.

पुन्हा धंद्याकडे. तारापूर एमआयडीसी नावाने तारापूरची, प्रत्यक्षात बोईसर स्टेशनच्या कुशीत. हजाराहून अधिक कारखाने: रंग, रसायनं, औषधांचे घटक, पोलाद, कापड. यातले मोठे शेअर बाजारात नोंदलेले आहेत. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार अशा कंपनीला चालू स्थितीतलं संकेतस्थळ ठेवावंच लागतं. त्यांचं ‘ऑनलाइन असणं’ ही हौस नाही, कायदा आहे. त्यांना ब्लॉगवाढीच्या आकड्यात धरणं म्हणजे आयकर भरणाऱ्यांना दानशूर म्हणण्यासारखं.

लहान कारखानदाराचं वेगळं. त्याचं गिऱ्हाईक ‘बोईसर’ असं शोधत नाही. प्रत्येक रसायनाला एक जागतिक ओळख क्रमांक असतो, सीएएस क्रमांक. मेट्रोनिडाझोल या औषधाचा ४४३-४८-१. खरेदी विभागातला माणूस, मग तो अंकलेश्वरचा असो की हॅम्बुर्गचा, हा क्रमांक टाकतो आणि शुद्धता किती, ड्रम कोणता, नमुना कधी, एवढंच पाहतो. हे ज्या पानावर स्पष्ट लिहिलंय ते पान विकतं. पण एजन्सीला शब्दांवर पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखांत हे सोडून सगळं असतं. एका कंपनीच्या (नाव सांगत नाही) ‘ताज्या घडामोडी’ मी मध्यंतरी चाळल्या. गणेशोत्सवाच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, सुरक्षा सप्ताहाचा फोटो, आणि मग तीन वर्षं शांतता. मालक म्हणणार, ब्लॉगचा काही उपयोग नाही. टेक्नोरॅटीच्या साडेचौऱ्याण्णव टक्क्यांत आणखी एकाची भर.

आणि एक आकडा कारखान्यांच्या या पानांवर शोधू नये: ९३.६९. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला मिळालेले हे गुण. देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वाईट. विकण्यासाठी लिहिणारा हे लिहिणार नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही चुकीची.

जाहिरातीवर जगणारे व्हिडिओ आणि ड्रम विकणारं पान, या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा आहे, जिथे माल आणि गोष्ट दोन्ही एकाच हातात असतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळालं, डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये, वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांची कला जगभर पोचलेली होती. तिच्याविषयीचा मजकूर मात्र मुख्यतः इतरांनी इतर भाषांत लिहिलेला. मानांकन नावाचं रक्षण करतं, गोष्ट सांगत नाही. खोटा ‘कोलम’ आणि खरा यांतला फरक चार फोटोंसह समजावणाऱ्या वाड्याच्या शेतकऱ्याला लाख वाचक नकोत. दहा किलोच्या पिशव्या घेणारी तीनशे घरं मिळाली की तीस क्विंटल तांदूळ दलालाविना जातो. माझ्या मते जिल्ह्यात लिहिण्याला खरा भाव इथे आहे आणि सगळ्यात कमी लिहिलं जातं तेही इथेच. अर्थात २०२४ पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं स्वतःच वर मांडून देतं, त्यामुळे खालच्या पानापर्यंत माणूस यायलाच हवा असं नाही. जाहिरातीवर जगणाऱ्याला तो थेट फटका. ज्याच्याकडे पिशवी आहे त्याच्याकडे मात्र माणसाला कधीतरी यावंच लागतं.

राहिलं ते लेखन, ज्याला ना ड्रम विकायचा आहे ना व्ह्यूज मोजायचे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या काही लोकांनी ‘मुंबई हेल्प’ नावाचा ब्लॉग उघडला. पुढच्या वर्षी ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, तेव्हा माणसं शोधायला, इस्पितळांची माहिती द्यायला तोच कामाला आला. दोनच दिवसांत सरकारने १७ पत्ते बंद करण्याचा आदेश काढला आणि इंटरनेट कंपन्यांनी आख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. काही दिवस तो ब्लॉगही सरळ उघडेना.

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला, तो कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. त्या रात्री बोईसरमध्ये लोकांनी लिहिलं नसेल असं नाही. कुठे काचा फुटल्या, कुठला रस्ता बंद, कोणाचा माणूस सेकंड शिफ्टला होता, हे सगळं लिहिलं गेलं ते व्हॉट्सअॅपच्या गटांत, तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे एका गटात जास्तीत जास्त २५६ जण. ते फोन आता बदलले. शोधायला गेलं तर त्या तारखेला वर्तमानपत्रांच्या बातम्या मिळतात. शेजारच्या चाळीतून काय दिसलं ते मिळत नाही.