या वयात लेन्स? संध्याकाळी डोळा का खुपतो



मध्यंतरी एका हळदीला शेजारी बसलेल्या मावशींनी मला पर्समधून लेन्सची डबी काढताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, सत्तरी झाली तुझी! नातीची हौस तुला लागली काय?" मी हसले. पण घरी आल्यावर वाटलं, हे एकदा नीट लिहून काढावं. आपल्यातले बरेच जण लेन्स वापरतात किंवा ज्यांची नातवंडं वापरतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

माझी लेन्स हौसेची नाही. तरुणपणीच मला केराटोकोनस निघाला. यात डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. दिवा एक असला तरी चार दिसतात. चष्म्याने ते पुरतं सुधारत नाही. कडक लेन्स लावली की उंचसखल कॉर्नियावर एक नवा गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो, मधली फट अश्रूंनी भरते, आणि मग नीट दिसतं.

आता थोडा इतिहास. मऊ लेन्स आणली ऑटो विख्टरले या चेक शास्त्रज्ञाने. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरी, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून पहिलं यंत्र बनवलं आणि त्यावर लेन्स फिरवून घडवल्या. लेन्स मऊ झाली, घालायला सोपी झाली. पण एक अडचण उरली, ती हवेची.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंच्या वाटे. त्यावर लेन्स बसली की तो कमी होतो. झोपेत पापणी मिटली की आधीच जेमतेम एक तृतीयांश उरतो, त्यात लेन्स असेल तर आणखी कमी. म्हणून संशोधकांनी जास्त हवा जाऊ देणारं सिलिकॉन हायड्रोजेल शोधलं आणि १९९९ च्या सुमारास त्या लेन्स बाजारात आल्या. सगळ्यांना वाटलं, आता लेन्स लावून झोपलं तरी चालेल.

मग ऑस्ट्रेलियात मोठी पाहणी झाली. तिचे आकडे २००८ मध्ये छापले गेले. साधी मऊ लेन्स रोज काढून ठेवणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत साधारण २ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला. ती लेन्स लावून झोपणाऱ्यांत १९.५, आणि नव्या सिलिकॉनच्या लेन्समध्ये झोपणाऱ्यांत २५.४. म्हणजे हवा वाढली, पण झोपण्याचा धोका गेला नाही.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पाच वर्षांपूर्वी शब्बाथच्या दुपारी जेवून जरा आडवी झाले. अर्धा तास म्हणता म्हणता संध्याकाळ झाली, लेन्स डोळ्यातच. त्यात सलाईन संपलेलं, म्हणून लेन्स नळाखाली धरली आणि परत घातली. नळाच्या पाण्यात, ते पिण्याजोगं असलं तरी, अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि इतर जंतूही असतात. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. मी म्हटलं, शारावचा गरम वारा सुटलाय, धूळ गेली असेल. फार दुखत नव्हतं, म्हणून थांबले. तिसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं तेव्हा आमचे हे मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेले. कॉर्नियावर जखम झाली होती. दिवसरात्र दर तासाला थेंब. हे बिचारे गजर लावून रात्रभर उठायचे. डोळा वाचला, पण डाग राहिला.

फार दुखलं का नाही? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वय वाढतं तशी कॉर्नियाची संवेदना कमी होते, लेन्सच्या सवयीनेही कमी होते. म्हणून आपल्या वयात दुखण्याची वाट पाहू नये. डोळा लाल, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं, यातलं काहीही झालं तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काढलेली लेन्स सोबत न्या.

आता रोजच्या खुपण्याबद्दल. आराम कसा मोजतात? वापरणाऱ्याला शून्य ते शंभर अशी रेघ देतात आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी खूण करायला सांगतात. चांगल्या चाचणीत कोणती लेन्स कोणती, हे त्याला सांगत नाहीत, नाहीतर महागडी ती चांगलीच वाटते! २०१३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी हे सगळं संशोधन एकत्र तपासलं. निम्म्यापर्यंत लोकांना कधी ना कधी लेन्सचा त्रास होतो आणि तो दिवस कलतो तसा वाढतो, असं त्यात आलं. लेन्समध्ये पाणी जास्त म्हणजे आराम जास्त, असं सरळ गणित निघालं नाही. पापणी आणि लेन्स यांतलं घर्षण मात्र महत्त्वाचं दिसतं. वयाबरोबर अश्रू कमी होतात, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी मंदावतात, काही ॲलर्जीच्या आणि मनाच्या गोळ्यांनीही डोळा कोरडा पडतो.

आता मी स्क्लेरल लेन्स वापरते. ती मोठी असते, पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला लागत नाही, आत सलाईन भरायचं. आमच्या ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी मला दोन आठवडे वहीत आकडे लिहायला लावले. वही पाहून कळलं की दुपारी दोननंतर आकडा घसरतो, आणि मझगानसमोर बसले की जास्तच. खुर्ची हलवली. दुपारी लेन्स काढून ताजं सलाईन भरून परत घालते, त्याने आतलं धुकंही जातं. बोटं आखडतात, म्हणून काढायला छोटं रबरी पंपासारखं साधन आहे.

लेन्स काढल्यावरही डोळा चुरचुरतच राहिला, तर दोष बहुधा लेन्सचा नसून कोरड्या डोळ्याचा. तो वेगळा तपासून घ्या.

आणि दुपारी आडवं होण्याआधी लेन्स डबीत ठेवा. आमचे हे आजही उशी देण्याआधी विचारतात, "काढलीस का?"