सोलापूरचा कौल: ४९ ते ८७

यंदाच्या जानेवारीत सोलापुरात दोन यात्रा एकाच वेळी भरल्या. होम मैदानावर सिद्धेश्वरांचा गड्डा रंगात आला होता, आणि पेठापेठांतून महापालिकेच्या उमेदवारांच्या फेऱ्या निघत होत्या. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागला. १०२ पैकी ८७ जागा भाजपला, एमआयएमला ८, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ४, काँग्रेसला २ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला १. ज्या शहराला वर्षानुवर्षे सुशीलकुमार शिंदे यांचे म्हणून ओळखले गेले, तिथे काँग्रेसचे नगरसेवक एका दुचाकीवर बसून सभेला येऊ शकतील, अशी ही अवस्था.

लाट आली, पैसा चालला, विरोधकांत दम नव्हता, अशी कारणे कट्ट्यावर लगेच मिळतात आणि त्यांत थोडेफार तथ्यही असते. पण महापालिकेचा निकाल नुसत्या पक्षांच्या आकड्यांवरून उलगडत नाही. मत कसे घेतले गेले आणि कुठल्या वस्तीची गाठ कुठल्या वस्तीशी बांधली गेली, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी याच्या आधीच्या निकालापासून सुरुवात करू.

तीन जागा कमी, तरी सत्ता

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी मतदान आणि २३ तारखेला मोजणी झाली. भाजप ४९, शिवसेना २१, काँग्रेस १४, एमआयएम ९, राष्ट्रवादी ४, बसप ४ आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट १ असे बलाबल होते. बहुमताला ५२ हवेत, म्हणजे भाजपला तीन कमी पडले. तरीही काँग्रेसची दीर्घकाळची सद्दी संपवून शोभा बनशेट्टी महापौर झाल्या, कारण उरलेले ५३ जण एका बाकावर बसणारे नव्हतेच. शिवसेना आणि एमआयएम, काँग्रेस आणि बसप यांची मोट बांधणार कोण? पुढे राज्यात महाविकास आघाडीचे सरकार आले, तरी डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपद भाजपच्याच श्रीकांचना यन्नम यांच्याकडे गेले.

त्या सभागृहात शहराचा नकाशा मात्र जसाच्या तसा दिसायचा. पूर्व भागातले तेलुगू पद्मशाली, पेठांमधले कन्नड बोलणारे लिंगायत, बुधवार पेठ आणि मिलिंदनगरची आंबेडकरी चळवळ, विजापूर वेस आणि नई जिंदगीकडची मुस्लिम वस्ती, जुळे सोलापुरातला नोकरदार मराठी वर्ग, या सगळ्यांचे कोणी ना कोणी तिथे होते. बसपचे आनंद चंदनशिवे तावातावाने बोलायचे. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या चळवळीतून माकपच्या कामिनी आडम निवडून आल्या होत्या. सत्ताधाऱ्यांतही सगळे आलबेल नव्हते. विजयकुमार देशमुख आणि सुभाष देशमुख हे दोघे तेव्हा राज्यात मंत्री होते, आणि ‘हा कुठल्या देशमुखांचा?’ हा प्रश्न प्रत्येक पदाच्या वेळी विचारला जायचा. विरोधकांपेक्षा घरच्या विरोधानेच भाजपला जास्त घाम फोडला.

चार बटणे, एक पॅनेल

२०१७ मध्ये आणि यंदाही शहरात २६ प्रभाग होते. त्यांतले २४ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे, म्हणजे ९६ अधिक ६, एकूण १०२. २०१२ मध्ये हेच १०२ जण प्रत्येकी दोनच्या ५१ प्रभागांतून आले होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. भागाकार केला, तर एका चार सदस्यांच्या प्रभागात साधारण ३७ हजार माणसे येतात. एखाद्या छोट्या तालुक्याच्या गावाएवढा हा पसारा झाला.

मतदान केंद्रात गेल्यावर मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबावे लागते. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. प्रत्येक जागेखाली ‘नोटा’ आहेच. चारही मते पडली, की यंत्र बीप देते आणि मतदार मोकळा होतो. ज्येष्ठ मतदार दोन बटणे दाबून निघू लागला, की केंद्रावरचे कर्मचारी त्याला परत बोलावतात, ‘आजोबा, अजून दोन राहिलेत!’

एवढी नावे लक्षात ठेवायची कुणी? म्हणून कार्यकर्ता सोपा मंत्र देतो: चारही ठिकाणी एकच चिन्ह. पॅनेल टू पॅनेल मतदान झाले, की चौघांतला एक वजनदार उमेदवार बाकी तिघांना ओढून नेतो. स्वतःच्या गल्लीत हजार हक्काची मते बाळगणारा अपक्ष किंवा छोट्या पक्षाचा कार्यकर्ता ३७ हजारांच्या प्रभागात पाण्यात मीठ विरघळावे तसा विरघळतो. बसप आणि माकप यंदा शून्यावर आले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. एमआयएमचे ८ टिकले, कारण त्यांची वस्ती सलग आहे आणि त्यांचे पॅनेल अख्खे निवडून येऊ शकते.

हा खेळ एकट्या सोलापूरचा नाही. लंडनच्या बरोंमध्येही बहुतेक वॉर्डांतून दोन किंवा तीन नगरसेवक निवडले जातात. तिथे एकाच मतपत्रिकेवर जितक्या जागा तितक्या फुल्या मारायच्या आणि सर्वाधिक मते मिळवणारे आत जायचे. आपल्यासारखी प्रत्येक जागेची वेगळी लढत नाही आणि आरक्षणही नाही. परिणाम मात्र ओळखीचा आहे. लुइशम बरोमध्ये २०१८ आणि २०२२ या दोन्ही निवडणुकांत मजूर पक्षाने ५४ पैकी ५४ जागा घेतल्या. मते काही शंभर टक्के मिळाली नव्हती, पण बहुसदस्यीय वॉर्डात थोडी आघाडी मिळाली, की जागांचा ढीग पडतो.

आपल्या पद्धतीची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक जागा आरक्षणानुसार वेगळी असल्याने १०२ पैकी ५१ जागांवर महिला येतातच, आणि प्रभागागणिक वेगवेगळ्या समाजांना वाटा मिळतो. पॅनेल जुळवताना पक्षांनाही तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशी भाषांची सांगड घालावी लागते.

प्रशासकांची चार वर्षे

२०१७ च्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता आणि प्रभाग तीनचे की चारचे यावर सरकारांगणिक निर्णय बदलत गेले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. पालिकेचा कारभार आयुक्त हेच प्रशासक म्हणून पाहत होते. शहराचे मोठे निर्णय याच काळात झाले. विमानसेवेला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्यावर शहरात रणकंदन झाले, पण महापालिकेच्या सभागृहात चर्चा होऊ शकली नाही, कारण सभागृहच अस्तित्वात नव्हते.

माजी नगरसेवकांना या काळात ना निधी, ना सभा, ना अधिकार. लोक मात्र नळाला पाणी नाही म्हणून त्यांच्याच दारात यायचे. अशा वेळी कार्यकर्ता सत्तेच्या सावलीत सरकतो. कोठे घराण्याकडे पाहिले, तरी हा प्रवास कळतो. विष्णुपंत कोठे काँग्रेसचे आणि सुशीलकुमार शिंदे यांचे विश्वासू. त्यांचे चिरंजीव माजी महापौर महेश कोठे शिवसेनेत आणि पुढे राष्ट्रवादीत गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुतणे देवेंद्र कोठे २०२४ मध्ये शहर मध्यमधून भाजपचे आमदार झाले. त्याच वर्षी लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे जिंकल्या, पण विधानसभेला शहरातल्या उत्तर, मध्य, दक्षिण या तिन्ही जागा भाजपकडे गेल्या. पालिकेच्या निकालाची दिशा तिथेच ठरली होती. निवडणुकीआधी इतर पक्षांतले अनेक माजी नगरसेवक भाजपमध्ये आले, त्यामुळे तिकिटांवरून रुसवेफुगवे झाले. उमेदवारी माघारीच्या वादात तर एका कार्यकर्त्याचा जीव गेला, ही या निवडणुकीवरची काळी रेघ.

गिरणगाव ते कुंभारी

आणखी एक बदल सावकाश घडला. सोलापूरचे डावे राजकारण गिरण्या, माग आणि विड्यांवर उभे होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. विडी कामगार बायकांना माकपच्या नरसय्या आडम मास्तरांनी लढून घरे मिळवून दिली: कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार, आणि पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प. पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिकडे राहायला गेलेल्या कुटुंबाचे मत शहरात राहत नाही. घर मिळवून देणाऱ्या पक्षाची मते त्या घरांबरोबरच शहराबाहेर गेली, हा या निकालातला सर्वांत उपरोधिक तपशील.

आता इंद्रभुवनात

सोलापूरला नगरपालिका आली १८५२ मध्ये, तर महापालिका झाली १ मे १९६४ रोजी. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला, आणि त्याच वर्षी शहराने मार्शल लॉ सोसला. आप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवन या वास्तूत असलेल्या महापालिकेकडे सोलापूरकर याच अभिमानाने पाहतात. शहराची रोजची दुखणी मात्र साधी आहेत. उजनी धरण भरले, तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. स्मार्ट सिटीच्या २०१६ मधल्या पहिल्या यादीत नवव्या क्रमांकावर आलेले हे शहर आजही पाण्याच्या वाराची वाट पाहते.

४९ च्या सभागृहात सत्ताधारी म्हणायचे, ‘बहुमत नाही, विरोधक अडवतात.’ ८७ च्या सभागृहात ती सबब उरत नाही. अडवायला समोर १५ जण आहेत, तेही चार पक्षांचे. खरी अडचण प्रभागात आहे. पाणी आले नाही तर चौघांपैकी कुणाला धरायचे? अ म्हणतो ब ला विचारा, ब म्हणते क ला, आणि ड चा फोन लागत नाही. चौघांना एका चिन्हावर निवडून दिले, तर जाबही चौघांना एकत्र उभे करून विचारायला हवा. ज्या प्रभागातले लोक ही सवय लावून घेतील, त्यांनाच पाच वर्षांनी मत देताना आपण काय मोजतो आहोत ते नीट ठाऊक असेल.