अंदाजपत्रकात आधी नळ, मग कारंजे

फेब्रुवारी हा नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाचा महिना. सभागृहात आकडे वाचले जातात, बाके वाजतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शिलकी रकमेचा मथळा येतो आणि विषय संपतो. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या दवाखान्यात किती माणसे पिवळे डोळे घेऊन येणार, हे बऱ्याच अंशी त्या फेब्रुवारीच्या सभेत ठरलेले असते. त्यानंतर डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही.

कोकण किनाऱ्यावरील आपल्या छोट्या शहरांची एक थट्टाच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मालवण-वेंगुर्ल्याकडेही तो कमी नाही. तरीही मे महिना आला की पाण्याचे टँकर आणि एक दिवसाआड पाणी ही वाक्ये ऐकू येऊ लागतात. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. उतारावरून ते ओढ्याला, ओढ्यातून खाडीला जाते. मग कपात सुरू होते. कपात म्हणजे गैरसोय, असे आपण समजतो. वैद्यकाच्या दृष्टीने ते एवढ्यावर भागत नाही.

नळाला दिवसातून एक तास पाणी येत असेल तर उरलेले तेवीस तास रस्त्याखालची वाहिनी रिकामी असते. पाणी जोराने वाहत असताना गळक्या सांध्यातून ते बाहेर येते. ते आपल्याला दिसते आणि आपण तक्रार करतो. पाणी बंद झाले की उलट होते. रिकामी होणारी वाहिनी त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. तो सांधा गटाराजवळ असेल तर गटाराचे, शोषखड्ड्याजवळ असेल तर शोषखड्ड्याचे. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी नळाला येणारी पहिली गढूळ बादली म्हणजे हेच पाणी. किनाऱ्यावर खारी हवा आणि खारी माती लोखंडी वाहिनी लवकर कुरतडते, म्हणून आपल्याकडे असे सांधे घाटावरच्या शहरांपेक्षा लवकर तयार होतात.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका शहरात बाजारपेठेमागच्या आळीत एकामागून एक कावीळ निघाली. गावाचे नाव सांगत नाही. वाचकांनी हवे ते घालून वाचावे. त्यांत आठव्या महिन्यातील एक गरोदर मुलगी होती, पहिलटकरीण. तिच्या सासूबाई मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "डॉक्टर, पाणी आम्ही तिहेरी फडक्यातून गाळून घेतो हो." खोटे नव्हते ते. पण काविळीचा विषाणू फडक्याने अडत नाही. मुलीला मोठ्या रुग्णालयात हलवले. पाचव्या दिवशी ती गेली, बाळही गेले. नंतर रस्ता खणला तेव्हा नळाची वाहिनी गटारातून गेलेली आणि तिचा सांधा सुटलेला आढळला. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. त्याच वर्षी त्या शहराच्या वेशीवर नवी स्वागत कमान उभी राहिली होती.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा 'ई' हा प्रकार धडधाकट माणसाला महिनाभर अंथरुणावर पाडून बहुधा सोडून देतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो घात करतो. अशा बाधित स्त्रियांपैकी चार-पाचांत एक दगावल्याची नोंद अनेक साथींत झाली आहे. त्यावर नेमके औषध नाही आणि त्याची लस आपल्या दवाखान्यांत मिळत नाही. आपल्या देशाला याचा अनुभव जुना आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत सांडपाणी पोचले आणि पुढच्या काही आठवड्यांत २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. तेथे धोका ओळखून क्लोरीन वाढवले होते. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण कावीळ थांबली नाही. २०१२ मध्ये आपल्याच राज्यात इचलकरंजीने काविळीची मोठी साथ सोसली. दिल्लीच्या अनुभवातून मी एक गोष्ट घेतो: टीसीएल पावडर हवीच, पण पाण्यात मैला मिसळतच राहिला तर ती एकटी पुरी पडत नाही.

हा रोग अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. जूनच्या पहिल्या पावसात गटार तुंबले, पाणी वाहिनीत शिरले, तर रुग्ण दिसणार जुलैच्या मध्यावर किंवा ऑगस्टात. तोवर गटार वाहते झालेले असते, पाणी स्वच्छ दिसत असते, आणि "हवा बदलली म्हणून कावीळ पसरली" असे म्हणायला आपण मोकळे होतो. त्यामुळे गळक्या सांध्यावर कोणाचा राग निघत नाही, आणि ज्याच्यावर राग निघत नाही त्याला अंदाजपत्रकात पैसे मिळत नाहीत.

पैसे कसे येतात हेही पाहिले पाहिजे, नाहीतर सगळा दोष नगरसेवकांच्या माथी मारणे सोपे होते. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. घरपट्टी आणि पाणीपट्टी वाढवायला कोणी धजत नाही. बाहेरून निधी येतो तो मुख्यतः नव्या कामांसाठी: नवी इमारत, नवा रस्ता, नवे उद्यान. त्याला कोनशिला लागते, फीत कापता येते. व्हॉल्व्ह बदलायला, सांधे जोडायला, व्हॉल्व्हमनच्या पगाराला आणि टीसीएलला मात्र पालिकेने आपल्याच तिजोरीत हात घालावा लागतो. म्हणून नवे बांधायला पैसा सापडतो, जुने राखायला सापडत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने हे ओळखले असावे. २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या निधीतील ६० टक्के भाग त्याने पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून ठेवला, दोन्हींना निम्मा निम्मा. उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय करायचे हे शहराने ठरवायचे होते.

मला विचाराल तर क्रम लावताना एकच प्रश्न विचारावा: हे काम केले नाही तर कोण आजारी पडेल? गटारातून किंवा गटाराला चिकटून गेलेल्या नळवाहिन्यांची यादी करून त्या आधी बदलाव्यात. शहरभर नव्या वाहिन्या टाकायला कोट्यवधी लागतात, त्याची वाट पाहत बसू नये. धोक्याच्या पन्नास-शंभर जागा बहुतेक ठिकाणी जुन्या व्हॉल्व्हमनला तोंडपाठ असतात. टीसीएल किनाऱ्याच्या दमट हवेत लवकर निकामी होते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, उघड्या पोत्यात तो उडून जातो आणि खाली उरतो चुना. तेव्हा वर्षाची पावडर एकदम घेऊन ठेवण्यात काटकसर नाही.

यानंतर मैला. भुयारी गटार योजना हे प्रत्येक शहराचे स्वप्न असते. पण डोंगरउतारावरच्या, जांभा फोडून वसलेल्या आणि खाडीच्या पातळीवर संपणाऱ्या छोट्या शहराने तिच्यामागे आधी धावू नये, असे माझे मत आहे. खणायला, पंपांना आणि पुढे विजेला लागणारा पैसा बाकी सगळे खाऊन टाकतो. आपल्याकडे घरोघरी सेप्टिक टँक आहेतच. त्या वर्षानुवर्षे उपसल्या जात नाहीत, भरून वाहतात आणि शेजारच्या विहिरीत झिरपतात, हे खरे दुखणे आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ पासून घरोघरच्या टाक्या पाळीपाळीने, तीन वर्षांतून एकदा उपसण्याची पद्धत घातली. उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया होते, तो कुठल्या ओढ्यात ओतला जात नाही. एवढे काम आपल्या शहरांच्याही आवाक्यातले आहे.

डेंग्यूलाही पाणीपुरवठ्याचीच वाट आहे. एक दिवसाआड पाणी येते तिथे घरोघरी पिंपे भरलेली असतात आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पिंपे घासून कोरडी करा, हे आम्ही सांगतो. मेमध्ये भरलेले पिंप कोणती गृहिणी ओतून देईल? कचऱ्याचे तसेच. ढीग असला की उंदीर, उंदीर असले की पावसाच्या साचलेल्या पाण्यात लेप्टो. वेंगुर्ल्याने घराघरात कचरा वेगळा करून आपल्या कचराडेपोचे रूप पालटले. तिथे जाऊन पाहणाऱ्यांना मोठ्या यंत्रांपेक्षा रोजची शिस्तच अधिक दिसते.

सुशोभीकरणाने पर्यटक येतात आणि त्यावर अनेकांची पोटे आहेत, हे मला मान्य आहे. पण जुलाब होऊन परत गेलेला पर्यटकही चार घरी सांगतोच. आणि खाऱ्या हवेत कारंजे किती दिवस चालते? अशाच एका बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात डासांच्या अळ्या वळवळताना मी पाहिल्या आहेत.

वाहिन्या बदलेपर्यंत घरात काय करावे? पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. गरोदर बाईला हंगाम कोणताही असो, उकळलेलेच पाणी द्यावे. विहिरीसाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणावे, म्हणजे किती हजार लिटर ते कळते. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर; पावडर ७० ग्रॅम. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी रात्री विहिरीत सोडावे.

अंदाजपत्रक हा सार्वजनिक कागद आहे. त्यात पाणीपुरवठा दुरुस्ती, जंतुनाशके आणि मैला उपसा ही तीन शीर्षे शोधावीत. गेल्या वर्षी तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून काढावेत. यातच बरेच कळते. आपल्या प्रभागातील नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी चाचणी केव्हा झाली, पाण्याला पिवळा रंग आला का, हेही विचारावे. तिथे दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असला पाहिजे. आणि गटारातून गेलेली वाहिनी आपल्या आळीत असेल तर ती जागा, जवळच्या घराच्या खुणेसह, सभेच्या आधी लेखी कळवावी. पोच घ्यायला विसरू नये.