सागरी बर्फाची घट आणि पेंग्विन

समुद्राचे पाणी गोठून तयार होणाऱ्या बर्फास सागरी बर्फ म्हणतात. अंटार्क्टिकाभोवती हा बर्फ दर हिवाळ्यात पसरतो व उन्हाळ्यात बराचसा वितळतो. तापमानवाढीमुळे त्याचा विस्तार व टिकण्याचा काळ बदलला की पेंग्विनांच्या प्रजननावर आणि संख्येवर परिणाम होतो. मात्र हा परिणाम सर्व जातींवर सारखा नसतो.

महाराष्ट्रात पेंग्विन पाहायला मिळतात ते मुंबईतील भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात. २०१६ साली दक्षिण कोरियातून तेथे आणलेले पक्षी हम्बोल्ट जातीचे आहेत. पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरील या जातीचा सागरी बर्फाशी काहीच संबंध नाही. एल निनोच्या वर्षांत समुद्र तापून मासळी दुरावते, हे तिचे संकट. त्यामुळे भायखळ्याच्या पेंग्विनावरून अंटार्क्टिकातील पेंग्विनाची कल्पना करणे योग्य नाही.

सम्राट पेंग्विन

बर्फावर सर्वांत अधिक अवलंबून असलेली जात म्हणजे सम्राट पेंग्विन. हा पक्षी घरटे बांधत नाही. किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या सागरी बर्फावर त्याची वसाहत असते. मादी मे-जूनमध्ये एकच अंडे घालते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते पायांवर धरून सुमारे ६५ दिवस, ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, उपाशीपोटी उबवतो. पिल्लाच्या अंगावर प्रथम केवळ मऊ लव असते. ती पाण्यात भिजते. जलरोधक पिसे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात. तोपर्यंत पायाखालचा बर्फ टिकणे अत्यावश्यक असते. तो आधीच फुटला तर पिल्ले बुडतात किंवा गारठून मरतात. म्हणजे बर्फ किती आहे यापेक्षा तो केव्हा फुटतो, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा आहे.

वेडेल समुद्रातील हॅली बे येथील वसाहत जगातील दुसऱ्या क्रमांकाची मोठी मानली जाई. २०१६ साली तेथील बर्फ वादळात वेळेआधीच फुटला. ती व पुढील दोन वर्षे तेथे प्रजनन जवळजवळ पूर्णतः अयशस्वी ठरले. काही पक्षी जवळच्या डॉसन-लॅम्बटन वसाहतीकडे गेले असावेत, कारण तेथील संख्या त्याच काळात वाढली. पुढे २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू जगले नसावे, असा निष्कर्ष उपग्रहचित्रांवरून काढण्यात आला. पांढऱ्या बर्फावर विष्ठेचे तपकिरी डाग अवकाशातूनही दिसतात. अनेक वसाहतींचा शोध याच डागांवरून लागला आहे.

बर्फाची स्थिती

आर्क्टिकप्रमाणे अंटार्क्टिकाचा सागरी बर्फ सतत घटत आलेला नाही. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींनुसार २०१४ पर्यंत तो किंचित वाढतच होता. २०१६ पासून मात्र तो झपाट्याने कमी झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा विस्तार सुमारे १७.९ लाख चौरस किलोमीटर इतका, म्हणजे तोवरच्या नोंदींतील नीचांकावर आला.

इतर जाती

ॲडेली पेंग्विन बर्फमुक्त खडकाळ जमिनीवर खड्यांचे घरटे करतो, पण अन्नासाठी तोही बर्फाळ समुद्राशी बांधलेला आहे. क्रिल या कोळंबीसारख्या जीवाची लहान पिल्ले हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. बर्फ घटला की क्रिल घटण्याचा धोका असतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲडेलीची संख्या फार घटली, तर मोकळे पाणी मानवणारा जेंटू पेंग्विन तेथे वाढला. उलट, बर्फ अति झाल्यानेही हानी होते. २०१७ च्या आरंभी पूर्व अंटार्क्टिकातील एका वसाहतीत सुमारे १८,००० जोड्यांची केवळ दोन पिल्ले वाचली, कारण खाद्य आणण्यासाठी पालकांना बर्फावरून फार दूर जावे लागले.

भारताचा संबंध व संरक्षण

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आजही वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमांची व्यवस्था पाहते. भारताचे २०१२ पासूनचे ‘भारती’ हे स्थानक लार्समन टेकड्यांत आहे आणि त्याच किनाऱ्यावर अमांडा बे येथे सम्राट पेंग्विनांची वसाहत आहे. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ नुसार परवान्याविना तेथील पक्ष्यांना उपद्रव देण्यास मनाई आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये सम्राट पेंग्विनास संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले. हरितगृह वायूंचे उत्सर्जन सध्याच्याच गतीने चालू राहिल्यास २१०० पर्यंत त्याच्या ९८ टक्के वसाहती जवळजवळ नष्ट होतील, असे २०२१ मधील एका अभ्यासाचे अनुमान आहे.