गोळी आधी, हळदीचं दूध मग

आमच्या निपाणीच्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या दिवाळीत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हळदीने मेंदूचे आजार बरे होतात’ असा मेसेज आला. काकूंनी रोज हळदीचं दूध सुरू केलं आणि गोळ्या थांबवल्या. दीड महिन्यात काका पुन्हा रात्रभर जागून एकटेच बोलू लागले.

मेसेज अगदीच खोटा नव्हता. २०१९ साली इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३८ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे रोज ३००० मिलिग्रॅम करक्यूमिन दिलं, बाकीच्यांना नुसतीच दिखाऊ कॅप्सूल. करक्यूमिनवाल्यांचा अबोला, निरुत्साह कमी झाला. पण नेहमीच्या गोळ्या सगळ्यांच्या चालूच होत्या! शिवाय ३८ म्हणजे फारच थोडी माणसं.

आता इंजिनिअरचा हिशेब. हळदीत करक्यूमिन जेमतेम ३ टक्के. म्हणजे रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल, मग ती सांगलीची का असेना. त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. काळ्या मिरीतल्या पायपरिनमुळे ते जास्त उतरतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. मात्र पायपरिनमुळे इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं, म्हणून अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

“मग दूध बंद करू काय रे?” काकूंनी विचारलं.

“नको काकू. आधी गोळी द्या, मग दूध.”

परवा धारवाडच्या डिमहान्सला त्यांना मीच घेऊन गेलो. येताना काकांनी स्वतःहून चहा मागितला.