मोटारीत पाणी येते कोठून?

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली निघाली. २०१४ साली ती बनणे बंद झाले. तरी जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. पावसाळ्यात अशा गाडीत पायाखालची चटई भिजते. आपण लगेच म्हणतो, "काच गळते." पण थांबा. आधी कचरा पाहू.

समोरच्या काचेखाली जाळी असते. गाडी झाडाखाली उभी केली, की पाला जाळीतून आत पडतो. तो कुजून पाणी जाण्याचे भोक बुजते. मोरी तुंबली की पाणी घरात येते ना? तसेच हे. दारांच्या खालच्या कडेलाही अशी भोके असतात.

पाला हाताने काढावा. भोक मऊ नळीने मोकळे करावे. टोकदार सळई घालू नये. तिने रंग खरवडतो आणि गंज धरतो.

तरीही गळते? मग चटई काढून कोरडे वर्तमानपत्र पसरावे. एकाने आत बसावे. दुसऱ्याने बाहेरून झारीने पाणी घालावे. आधी खाली, मग हळूहळू वर. कागद जेथे प्रथम भिजेल, तेथून वर माग काढावा.

ओल्या चटईखाली पत्रा गुपचूप गंजतो, आणि एके दिवशी पायाखाली भोक पडते. म्हणून मृगाच्या आधीच पाला काढू या.