शंभर वर्षांच्या भिंती आणि विजेचं बिल

2010 साली न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावर चक्क एक कारखाना थाटण्यात आला. इमारतीच्या खिडक्यांची तावदानं काढून तिथे आणायची, काचा सुट्या करून धुवायच्या, दोन काचांच्या मधोमध एक पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, पोकळीत आर्गॉन आणि क्रिप्टॉन वायूंचं मिश्रण भरायचं आणि तावदान पुन्हा जागच्या जागी लावायचं, असं तिथलं काम होतं. खिडक्या होत्या 6,514. सुमारे 96 टक्के काचा आणि चौकटी जुन्याच वापरल्या गेल्या. खिडक्यांची उष्णता अडवण्याची क्षमता दुपटीहून जास्त झाली, पण रस्त्यावरून मान वर करून पाहणाऱ्याला काही बदललंय याचा पत्ताही लागला नाही.

ही 102 मजली इमारत 1931 सालची. 1986 पासून ती अमेरिकेतलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे, त्यामुळे तिच्या रूपाला धक्का लावायची सोय नव्हती. इमारत थंड ठेवणारी अजस्र यंत्रं, म्हणजे चिलर, मात्र थकली होती. ती काढून आणखी मोठी बसवायची, हा सरधोपट मार्ग समोर होता. अभियंत्यांनी प्रश्न उलटा केला. इमारतीला एवढा थंडावा लागतोच का? खिडक्या सुधारल्या, हिवाळ्यात खोल्या तापवणाऱ्या सहा हजारांहून अधिक रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पत्रे लावले, दिव्यांचा आणि उपकरणांचा भार कमी केला. मग हिशेब मांडला, तेव्हा थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने उतरली होती. नवे चिलर घ्यायची वेळच आली नाही. जुन्या चिलरचं कवच तसंच ठेवून आतले भाग बदलले आणि काम भागलं. ऊर्जेच्या वापरात 38 टक्के कपातीचं उद्दिष्ट ठेवून हा सगळा बेत आखला होता आणि त्यासाठीचा जादा खर्च तीनेक वर्षांत वसूल होईल असं गणित होतं.

वारसा वास्तूंच्या बाबतीत जगभर आता हाच क्रम मानला जातो. आधी दुरुस्ती, मग उष्णतेची गळती किंवा घुसखोरी थांबवणं, त्यानंतर यंत्रं आणि सर्वांत शेवटी सौर पॅनल. क्रम चुकला की पैसाही जातो आणि इमारतही.

जुनी इमारत पाडून नवी ‘हरित’ इमारत बांधली तर? हा प्रश्न साहजिक आहे. पण नवं बांधकाम म्हणजे सिमेंट, पोलाद आणि काच. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला जातं. अमेरिकेतल्या प्रिझर्वेशन ग्रीन लॅबने 2011 साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की जुन्या इमारतीपेक्षा 30 टक्के कमी ऊर्जा वापरणारी नवी इमारत बांधली, तरी बांधकामातलं पर्यावरणाचं कर्ज फिटायला 10 ते 80 वर्षं लागतात. उभ्या इमारतीच्या भिंतींसाठी जी ऊर्जा खर्च व्हायची ती कधीच होऊन गेली आहे.

या भिंतींचं शास्त्र मात्र आजच्या भिंतींपेक्षा वेगळं आहे. दगड किंवा वीट आणि चुना यांची जाड भिंत पाणी पूर्णपणे अडवत नाही. पावसाळ्यात ती थोडी ओल शोषते आणि ऊन पडलं की बाहेर सोडते. चुन्याच्या गिलाव्यातली सूक्ष्म छिद्रं हे काम करतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला किंवा प्लास्टिकसारखा रंग फासला, की ओलीची बाहेर जायची वाट बंद होते. मग पोपडे, क्षार आणि बुरशी. ऊर्जेचंही नुकसान होतं, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. भिंतीच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी साचलं, की तीच भिंत उन्हाळ्यात बाहेरचा ताप आत आणते आणि थंड देशांत आतली ऊब बाहेर घालवते. म्हणून गळकी पन्हाळ दुरुस्त करणं हाही ऊर्जाबचतीचाच उपाय ठरतो.

हे विसरल्यावर काय होतं, ते इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराच्या फिशविक वस्तीने भोगलं. 2013 च्या सुमारास तिथल्या तीनशेहून अधिक जुन्या विटांच्या घरांना सरकारी ऊर्जायोजनेतून बाहेरून उष्णतारोधक थर लावला गेला. काम निकृष्ट झालं. पावसाचं पाणी थराच्या मागे शिरलं आणि तिथेच कोंडलं. बिल कमी व्हावं म्हणून लावलेल्या थरामुळे घराघरांत बुरशी आली आणि पुढची कित्येक वर्षं दुरुस्तीत गेली.

त्याच देशात उलट उदाहरणही सापडतं. व्हिक्टोरियन काळातल्या लाकडी सरकत्या खिडक्या उखडून प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायचं तिथे पेव फुटलं होतं. तेव्हा ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेने ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाकडून अशा जुन्या खिडकीची प्रयोगशाळेत चाचणी करवून घेतली. नुसते जाड पडदे ओढले तर खिडकीतून होणारा उष्णतेचा ऱ्हास सुमारे 40 टक्क्यांनी घटला. लाकडी झडपा लावल्यावर तो जवळजवळ निम्मा झाला. आतून काचेचं दुसरं, काढता येण्याजोगं तावदान लावल्यावर साठ टक्क्यांच्या आसपास बचत झाली. फटी बुजवल्यामुळे आत येणारी गार हवा तर बहुतांश थांबली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची खिडकी तिच्या मूळ झडपांसकट नीट दुरुस्त केली, की नव्या खिडकीच्या जवळपास पोहोचते.

छपरावरचे पॅनल हा वारसाप्रेमींचा नाजूक विषय. 2016 साली ग्लॉस्टर कॅथेड्रलच्या छपरावर 150 सौर पॅनल बसले. कॅथेड्रलच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा त्यांतून मिळावा, अशी ती योजना होती. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात खडाजंगी जास्त झाली. तिथलं चॅपल उभं राहायला 1446 साली सुरुवात झाली. ब्रिटिश वास्तुकलेतला तो मानाचा तुरा, आणि त्याच्या डोक्यावर काळे पॅनल! नियोजन अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारण्याची शिफारस केली, पण नगरसेवकांनी ती दिली. छपराचं शिसं नाहीतरी बदलायचंच होतं, त्या कामातच 438 पॅनल बसवून झाले. दगडी कठड्यामुळे ते खालून फारसे दिसत नाहीत. मुख्य म्हणजे ते उद्या काढताही येतील. पूर्ववत करता येण्याजोगा बदल ही संवर्धनाच्या क्षेत्रात पहिली अट मानली जाते. इटलीतल्या पॉम्पेईत तर कौलांसारखे दिसणारे सौर पॅनल वापरले गेले आहेत.

हे सगळे थंडीचे देश. मुंबईचा प्रश्न वेगळा आहे, कारण इथे ऊब धरायची नसून घाम वाळवायचा आहे. वारसा वास्तूंसाठी नियमावली करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर, साल 1995. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 पासून आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती 2018 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. या वास्तू विजेचा पंखा नसताना किंवा नुकता आलेला असताना रचल्या गेल्या, म्हणून वाऱ्याचा आणि सावलीचा विचार त्यांच्या नकाशातच आहे. खोल व्हरांडे भिंतीवर थेट ऊन पडू देत नाहीत. झडपांच्या खिडक्या पाऊस अडवतात आणि वारा आत घेतात. उंच छतामुळे गरम हवा डोक्याच्या वर राहते आणि व्हेंटिलेटरमधून निघून जाते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचे खिडक्यांवरचे लांब छज्जे शोभेचे दिसतात, पण काम सावलीचं करतात. ऊन काचेतून एकदा आत आलं, की त्याची उष्णता होते आणि ती काचेतून तशीच परत जात नाही. म्हणून आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची सावली केव्हाही सरस.

नेमक्या याच गोष्टी गेल्या काही दशकांत आपण बुजवल्या. जागा वाढवायला व्हरांडे काचा लावून बंद केले, व्हेंटिलेटरवर प्लायवूड ठोकलं, खाली फॉल्स सीलिंग आणलं. मग खोली कोंदट झाली म्हणून एसी आला आणि त्याचं आउटडोअर युनिट नक्षीदार दर्शनी भिंतीवर लटकलं.

एसी नकोच, असं कुणी म्हणणार नाही. मे आणि ऑक्टोबरच्या मुंबईत ते शक्य नाही, धूळ आणि गोंगाटही आहे. पण तो किती लागतो, हे मोजलं गेलं आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या कार्यालयांत पाहणी करून भारतीयांसाठी सुखद तापमानाचं प्रारूप तयार केलं. त्याच्या सूत्राप्रमाणे, बाहेरचं सरासरी तापमान 30 अंश सेल्सिअस असताना खेळत्या हवेच्या इमारतीत माणसाला सुमारे 29 अंशही सुखाचे वाटतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. साधा छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास वीज खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा तीसेक वॉटमध्ये भागवतो. झडपा, व्हेंटिलेटर आणि असे पंखे यांवर वर्षाचे बरेच महिने निभावू शकतात. ग्रंथालयात दुर्मीळ कागदपत्रांसाठी कोरडी, थंड हवा हवीच, पण ती त्या दालनापुरती ठेवता येते.

तुमची सोसायटी किंवा कार्यालय अशा इमारतीत असेल, तर पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव येईल तेव्हा कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा. गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा? मूळ खिडक्या दुरुस्त होणार की बदलल्या जाणार? आणि आज केलेलं काम उद्या काढता येईल का? दर्शनी भागाला हात लावण्याआधी वारसा समितीची परवानगी घ्या; श्रेणी एकच्या वास्तूत ती आतल्या बदलांनाही लागते. छपराची गळती, पन्हाळी, बंद पडलेल्या झडपा आणि बुजवलेले व्हेंटिलेटर यांची यादी आधी करा आणि नव्या एसीचं कोटेशन ती कामं झाल्यावरच मागवा.